चिखल्याचे नाव, चिखल्याचे गोत्र



शापोरा नदी समुद्राला मिळते, त्या मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी जा. ओल्या वाळूवर लहानखुरे, करडे-तपकिरी पक्षी दिसतील. चार पावले धावायचे, थबकायचे, टिपायचे, पुन्हा धावायचे. हे चिखल्या. चोच आखूड, म्हणून डोळ्यांनी हेरून वरचेवर टिपणे हीच त्यांची रीत.

यांतल्या एका जातीची नोंद मी वर्षानुवर्षे वहीत ‘मंगोलस’ अशी केली. पालास या शास्त्रज्ञाने १७७६ साली ते नाव दिले. १८२९ साली वाग्लरने ‘अ‍ॅट्रिफ्रॉन्स’, म्हणजे काळ्या कपाळाचा, असे दुसरे नाव दिले. पुढे दोघांना एकाच जातीत घातले गेले. हिवाळ्यात ते काळे कपाळ दिसतच नाही. मार्चअखेरीस परतीच्या तयारीत काहींवर ते उमटू लागते.

२०२२ साली जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की काळ्या कपाळाचा हा पक्षी सैबेरियातल्या ‘मंगोलस’पेक्षा थोरल्या वाळू-चिखल्याला अधिक जवळचा आहे. तो थोरला आपल्याच किनाऱ्यावर, त्याच थव्यात उभा असतो! त्यानंतर जागतिक सूचींनी दोन जाती वेगळ्या केल्या. आपल्याकडचा तो तिबेटी. लडाखमध्येही त्याची वीण होते; तेव्हा त्याला सरसकट परदेशी पाहुणा म्हणणेही बरोबर नाही.

कोणी म्हणेल, नावाने काय बिघडते? बिघडते. दोन जाती एकाच नावाखाली मोजल्या, तर एकीची घट दुसरीच्या संख्येआड लपते.

आपल्या अकादमीचे काम इथे सुरू होते. ‘चिखल्या’ हा शब्द पक्ष्याची जागा सांगतो, शास्त्रीय नाव त्याचे गोत्र सांगते. गोत्राचा निवाडा बदलला, म्हणून बोलीतला शब्द टाकायचा नाही; ‘तिबेटी वाळू-चिखल्या’ म्हटले की भागते. मात्र कोशात ‘एक पक्षी’ एवढ्यावर थांबू नये. रूप, अधिवास, शास्त्रीय नाव आणि ते कोणत्या वर्षीचे, हे लिहावे.

माझ्या वहीतले ‘मंगोलस’ मी खोडलेले नाही. शेजारी नवे नाव लिहिले, खाली तारीख घातली. कोशकारांनीही तेवढे करावे, ही विनंती.