भूल देणाऱ्याची जात

(चेन्नईत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी नववीत असताना माझ्या आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन तीन वेळा पुढे ढकललं गेलं. सर्जन होते, खाट होती, आई रात्रीपासून उपाशी होती. दर वेळी सिस्टर येऊन एकच सांगायची, "भूलवाले डॉक्टर नाहीत, पुढच्या आठवड्यात या." आई पदर सावरून उठायची आणि आम्ही एसटीने गावी परत. एक माणूस नसला की अख्खं ऑपरेशन थिएटर बंद राहतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढे बी.ए.ला असताना वर्गात आरक्षणाचा विषय निघाला. एकाने विचारलं, "कोट्यातून झालेल्या डॉक्टरकडून तू स्वतःचं ऑपरेशन करून घेशील का?" तुमच्यापैकी बहुतेकांनी हा प्रश्न ऐकला असेल. मी त्या दिवशी गप्प बसले. आज उत्तर देते.

टेबलावरचा पेशंट भूलतज्ज्ञाला निवडत नाही. ऑपरेशनच्या आधी कुणीतरी येतं, तोंड उघडायला लावतं, हलता दात आहे का बघतं, दमा आणि तंबाखूबद्दल विचारतं, किती वाजल्यापासून काही खायचं नाही ते बजावतं. पोटात अन्न असलं तर ते भुलीत श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून. मग सर्जन कापतो, आणि हा माणूस उशाशी बसून श्वास, नाडी, रक्तदाब सांभाळतो. शुद्धीवर आल्यावर आपण आभार सर्जनचे मानतो. ज्याच्या हाती श्वास दिला, त्याची जात आपण विचारलेली नसते, मार्कही विचारलेले नसतात. आम्ही तिन्ही वेळा एवढंच विचारलं होतं: डॉक्टर आलेत का?

म्हणून खरा प्रश्न हा, की हे डॉक्टर येतात कुठून?

मी नांदेड जिल्ह्यातली. आमचा मराठवाडा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादला, डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांनी १८८९ ते १९१७ अशी २८ वर्षं भूल देण्याचं काम केलं. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात. त्या पारशी होत्या, आपल्यातल्या नव्हत्या. पण त्यांची गोष्ट आपल्या कामाची आहे. १८८५ साली हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी पाच स्त्रियांना प्रवेश दिला, त्यांतल्या त्या एक. त्याच्या दहा वर्षं आधी, १८७५ मध्ये, इथल्या मद्रास मेडिकल कॉलेजनेही चार स्त्रियांना घेतलं होतं. हुशार बायका त्याआधीही होत्याच. दार उघडलं नव्हतं.

आता त्या कॉलेजकडे या. सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलं की समोर जे मोठं सरकारी इस्पितळ दिसतं, त्याला लागूनच ते आहे. १९४८च्या 'कम्युनल जी.ओ.'नुसार इथल्या सरकारी कॉलेजांत दर १४ जागांची वाटणी ठरलेली होती: ब्राह्मणेतर हिंदू ६, मागास हिंदू २, ब्राह्मण २, दलित २, अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती १, मुस्लिम १. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण महिलेने त्याला आव्हान दिलं. त्यांनी मेडिकल प्रवेशासाठी अर्जही केलेला नव्हता. तरी १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आदेश रद्दच ठरला. त्यावर इथे पेरियार आणि द्रविड चळवळ रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आलं. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. आज आपण ज्या कलमाच्या आधाराने कॉलेजात बसतो, त्याच्यामागे या शहरातल्या मेडिकलच्या जागांचं भांडण आहे.

आरक्षणातून आलेला प्रत्येक डॉक्टर गावात जातोच, असा माझा दावा नाही. त्यासाठी आणखी काही करावं लागतं. तामिळनाडूने सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागांचा निम्मा वाटा ठेवण्याची पद्धत चालवली. आरोग्य केंद्रात काम केलेला डॉक्टर त्यातून भूलशास्त्रासारखा विषय शिकतो आणि सरकारी सेवेत परततो. ही वाट बंद होऊ नये म्हणून इथले सरकारी डॉक्टर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राज्यांना असा वाटा ठेवण्याचा अधिकार आहे, हे घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी मान्य केलं.

आणि मार्कांचं म्हणाल, तर आरक्षण दारापाशी असतं. आत गेल्यावर एम.बी.बी.एस.ची परीक्षा सगळ्यांना एकच, एम.डी.चीही एकच, पास व्हायचे मार्कही तेच. कोट्यातून पास होता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजे सगळी गुणवत्ता नव्हे. आपण ते रोज जगतो, पण निकालपत्रात आलेलं असलं की वाद घालताना बरं पडतं.

आईचं ऑपरेशन चौथ्या खेपेला झालं. सर्जनचं आडनाव तिला आजही पाठ आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. चूक आमचीच. ते नसते तर आम्ही पाचव्यांदा एसटीत बसलो असतो.

तुमच्या घरात आता बारावीला कुणी असेल, तर या कामाबद्दल त्यांना सांगा. डॉक्टर म्हणजे फक्त सर्जन, असं आपल्या वस्त्यांत अजून वाटतं. आणि तो जुना प्रश्न कुणी पुन्हा विचारला, तर चिडू नका, माझ्यासारखं गप्पही बसू नका. एवढंच विचारा: तुझ्या तालुक्याच्या दवाखान्यात आज भूलतज्ज्ञ आहे का? नसेल, तर तो आणायला तू काय करतोयस?

जय भीम.