काजव्यांचा फोटो

मंडळी, वळवाची सर पडून गेली की कर्जतहून राजमाचीला चढणाऱ्या वाटेवर झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. मग शहरातून कॅमेरेवाले पाहुणे येतात. त्यांना एवढेच सांगा, "दादा, फ्लॅश नको, बॅटरीही विझवा." काजव्याचा नर उजेडाच्या खुणेने मादीला बोलावतो. आपल्या झगझगाटात ती खूण हरवते. जोडीच जुळली नाही, तर पुढल्या साली काजवे कुठून येणार? आणि फोटोलाही फ्लॅश लागत नाही बरे! कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून 20-30 सेकंद उघडा ठेवला की पुरे. डिजिटल कॅमेऱ्यात चित्र लगेच दिसते; चुकले तर पुन्हा घ्यावे. गुरुजी, एका संध्याकाळी मुलांनाही अंधारात उभे करून काजवे दाखवा.