न सापडलेल्या कणांचा हिशेब

आकाशातले तारे आपल्याला दिसतात, पण त्यांना एकत्र बांधून ठेवणारे सारे वस्तुमान काही दिसत नाही. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याचे वेग मोजून १९७० मध्ये प्रसिद्ध केले. कडेचे वायुमेघ अपेक्षेपेक्षा बरेच वेगाने फिरत होते. पुढे इतर दीर्घिकांतही हेच आढळले. त्यांना धरून ठेवणारे, साध्या द्रव्याच्या पाचपटींहून अधिक असलेले हे कृष्णद्रव्य, म्हणजेच डार्क मॅटर, आहे तरी कशाचे?

ते शोधण्याचा एक मार्ग सापळा लावून बसण्याचा. अमेरिकेत साउथ डाकोटा राज्यात होमस्टेक ही सोन्याची जुनी खाण आहे. तिथे जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर ७ टन द्रवरूप झेनॉनवर नजर ठेवलेली आहे. वरचा खडक वैश्विक किरणांना अडवतो. कृष्णद्रव्याचा एखादा जड कण झेनॉनच्या अणुकेंद्रावर आदळलाच, तर प्रकाशाची बारीकशी चमक उमटेल. २०२४ मध्ये २८० दिवसांच्या नोंदी जाहीर झाल्या. त्यांत त्या कणाची खूण नव्हती.

दुसरा मार्ग ताऱ्यांनाच विचारण्याचा. ॲक्सिऑन नावाचा अतिशय हलका कण शास्त्रज्ञांनी कल्पिला आहे. गंमत म्हणजे, हे नाव कपडे धुण्याच्या एका पावडरीवरून घेतलेले! असे कण ताऱ्याच्या गाभ्यात तयार होऊन निसटत असतील, तर उष्णताही घेऊन जातील. गच्चीवरची टाकी वेळेआधी रिकामी झाली की गळती असल्याचे आपण ओळखतो, तसेच हे. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेतील एका ताऱ्याचा स्फोट दिसला. जपान, अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातील उपकरणांनी त्यातले जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो टिपले. ते सुमारे दहा सेकंद येत राहिले. ॲक्सिऑननी उष्णतेचा मोठा वाटा पळवला असता, तर हा ओघ लवकर आटला असता. तेवढी उष्णता पळवू शकणारे ॲक्सिऑन त्यामुळे बाद ठरले.

मग एवढ्या खटाटोपातून हाती काय आले, असे कुणी विचारील. हरवलेली किल्ली शोधताना एकदा नीट पाहिलेले कपाट पुन्हा उघडावे लागत नाही. शोधाची जागा कमी होत जाते, ती अशी. आपल्याकडेही झारखंडमधील जादुगुडाच्या युरेनियम खाणीत, ५५५ मीटर खोलीवर, साहा इन्स्टिट्यूटची प्रयोगशाळा २०१७ मध्ये सुरू झाली, ती याच शोधासाठी. कण असेल, तर तो उरलेल्या कपाटांपैकी एखाद्यात सापडेल. आणि कल्पनाच चुकली असेल, तर तेही आपल्याला कपाटे एकेक करून उघडल्यावरच कळणार आहे.