झाडाचाही नेम धरा



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरीबुवा, चोपदार, टाळकरी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या मायबहिणी, सगळ्यांच्या पायावर डोकं ठेवतो. आज मला कीर्तन नाही करायचं. झाडाविषयी दोन शब्द बोलायचेत.

मी वडिलांचं बोट धरून वारीला लागलो, तेव्हा लोणंद सोडलं की फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, रस्त्याच्या अंगाला वड, लिंब, चिंचा असायच्या. दुपारची भाकर वडाखाली, घटकाभर पडायचं तेही वडाखालीच. आता पालखी मार्ग मोठा झाला. रस्ता पाहिजेच, वारकरी वाढले, गाड्या वाढल्या. पण त्यापायी जुनी झाडं गेली. आज म्हातारी माणसं दुपारी दिंडीच्या ट्रकखाली सावली धरून बसतात. बघवत नाही.

आपल्या संप्रदायाला झाड काही नवं नाही. आळंदीला माऊलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे, देहूला नांदुरकी आहे. तुकोबाराय तर झाडांना सोयरे म्हणाले. मग सोयऱ्याला दारात बोलवायचं अन् पाणीसुद्धा विचारायचं नाही, ही कुठली रीत?

ही चूक माझ्याच हातनं झाली. एका वर्षी वारीला निघायच्या आदल्या दिवशी आम्ही गावात 51 रोपं लावली. नारळ फोडला, फोटो काढले अन् निघालो. पुढच्या वारीला मोजली तर चार राहिलेली. निम्मी शेळ्यांनी खाल्ली, बाकीची फाल्गुन-चैत्रात पाण्यावाचून वाळली. जगलेली चारही एका म्हातारीच्या दारापुढची. गुडघे धरल्यामुळं तिला वारी होत नव्हती. भांडी विसळलेलं पाणी ती रोज त्या रोपांना घालायची. मायबाप हो, पंढरी आम्ही केली अन् सेवा तिची रुजू झाली!

त्या दिवसापासून मी लावलेली झाडं मोजायची सोडली, जगलेली मोजतो.

आता जगवायचं कसं ते सांगतो. खड्डा वैशाखात काढा, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. ऊन खाऊ द्या. मग कुजलेलं शेणखत अन् माती भरा. चांगला पाऊस झाल्याशिवाय रोप लावू नका. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. उन्हाळ्यात जुन्या मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात घाला अन् मडकं रोपाशेजारी पुरा. पाणी थेंब थेंब मुळाशी जातं. वर पालापाचोळा पसरा, ओल टिकते.

झाड आपल्याकडचं लावा. वड, पिंपळ, उंबर, लिंब, चिंच, जांभूळ. वडा-उंबराची फळं पाखरं खातात अन् पुढं बी पेरीत जातात. त्यांचीही वारीच म्हणायची. रोप विकत आणायला पैसे नसले तरी अडत नाही. आपण चालतो त्याच दिवसांत लिंबोळ्या पिकून पडलेल्या असतात. चार पिशवीत टाका, गर काढून सावलीत सुकवा, घरी गेल्या गेल्या पेरा. दिवाळीपर्यंत ठेवाल तर उगवायच्या नाहीत. लिंबोळीला शिळेपण चालत नाही.

माझं मागणं थोडं आहे. दिंडीनं हजार झाडांचा बोर्ड लावू नये. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्यानं एकच झाड धरावं अन् तीन वर्षं सोडू नये. माळ घातली की नेम आलाच. वर्षाला 24 एकादश्या आपण करतो. त्या दिवशी आळं खुरपा, कुंपण बघा. पहिल्या उन्हाळ्यात मात्र एकादशीची वाट बघू नका, चौथ्या दिवशी कळशीभर पाणी घालाच. वारीला निघताना घरी कुणाला तरी सांगून निघा. म्हशीचं सांगता, तसंच झाडाचंही सांगा.

आपण लावलेल्या वडाखाली आपण बसू न बसू. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही दिंडी काढली, ते तरी आज कुठं आहेत? पण त्यांच्या सावलीत आपण चालतोयच ना!

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!