बंगला कोणत्या वयाला मानवतो?

श्रोतेहो, बंगला बांधावा की न बांधावा हा प्रश्न आपल्याकडे केवळ पैशाचा समजला जातो. ज्याच्यापाशी पैसा असेल त्याने बांधावा. नसेल त्याने दुसऱ्याच्या फाटकावरची पाटी वाचीत पुढे जावे. तो वयाचाही प्रश्न आहे, हे मला फार उशिरा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी उमगले. आणि तेही गुडघ्यांनी समजावून सांगितले म्हणून.

प्रथम या शब्दाची गंमत पाहा. बंगला म्हणजे मुळात बंगाली पद्धतीचे, उतरत्या छपराचे बैठे घर. इंग्रज व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात ते उचलले आणि पुढे भोवती व्हरांडे, उंच जोते, मागे निराळे स्वयंपाकघर असा त्याचा थाट केला. आमच्या बेळगावच्या कॅम्पात असे जुने बंगले पुष्कळ आहेत. त्यांत राहणारा साहेब ऐन उमेदीत यावयाचा, हाताखाली नोकरांचा ताफा बाळगावयाचा आणि पेन्शन मिळाली की बोटीने विलायतेस परतावयाचा. म्हणजे आपण ज्या घराची नक्कल केली, त्या घरात म्हातारे होण्याचा बेत ते बांधणाऱ्याने बहुधा केलाच नव्हता!

उलट इंग्लंडात हा शब्द गेला तो बैठ्या घराचे नाव म्हणून. 1870 च्या सुमारास केंट परगण्यात, वेस्टगेट आणि बर्चिंग्टन येथे समुद्रकाठी असे बंगले उभे राहिले. कवी आणि चित्रकार रोझेटी प्रकृतीला आराम पडावा म्हणून बर्चिंग्टनच्या अशाच एका बंगल्यात जाऊन राहिला आणि 1882 साली तेथेच वारला. आजही तिकडे बंगला म्हटला की जिना नसलेले, निवृत्त माणसाच्या सोयीचे घर डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे मात्र माडी नसेल तर तो बंगला कसला, असा प्रश्न सोयरेधायरे विचारतात.

आम्ही 1961 साली गल्लीतून टिळकवाडीत राहावयास आलो, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. गल्लीतल्या आमच्या जुन्या घरात दोन अंधाऱ्या खोल्या आणि रस्त्याला लागून एक ओटा होता. वडिलांनी आयुष्याची पुंजी घालून, ज्या परिसरात 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले त्याच परिसरात, कौलारू बंगला बांधला. पेरू, आंबा, परसात विहीर. पाहुणे म्हणावयाचे, मुलांची चंगळ झाली. चंगळ कसली? पहिले वर्षभर मी फाटकावर बसून रस्ता पाहत असे. गल्लीत ओट्यावरून एक हाक मारली की अकरा गडी जमत. येथे पेरूचे झाड होते, पण त्यावर चढताना खालून ओरडणारे कोणी नव्हते. लहान मुलाला अंगणापेक्षा शेजार अधिक लागतो असे माझे मत तेव्हा बनले, ते अजून बदललेले नाही. पुढे सायकल मिळाली, गल्ली पुन्हा जवळ आली, आणि कॉलेजात असताना माडीवरची स्वतंत्र खोली म्हणजे तर राज्यच वाटले. तारुण्याविषयी अधिक काही सांगण्याची गरज नाही; त्या वयाला कोणतेही घर मानवते, कारण त्या वयाचा माणूस घरात नसतोच.

मधल्या वयात बंगला माणसाला कामाला जुंपतो. आमच्याकडचा पाऊस श्रोत्यांना ठाऊक आहे. मृगापूर्वी कौले चाळून घ्यावयाची, फुटकी बदलावयाची, पन्हाळीतला पाचोळा काढावयाचा, विहिरीचा गाळ उपसावयाचा. मी हे सारे हौसेने करवून घेत असे आणि त्याचा अभिमानही बाळगीत असे. परंतु अंगण झाडणे, सहा खोल्यांचा केर काढणे, आल्यागेल्याला फाटक उघडण्यासाठी दिवसातून वीस वेळा पायऱ्या उतरणे, हे माझ्या वाट्याला आले नव्हते. माझी पत्नी बँकेतली नोकरी सांभाळून ते करीत होती. ती एकदा म्हणाली, “बंगला तुमच्या नावावर आहे आणि माझ्या अंगावर.” मी हसलो. आज तसे हसवत नाही.

आता ज्या घटनेमुळे मी या विषयाकडे वळलो ती सांगतो. 1996 सालच्या श्रावणात माझी आई परसातल्या धुण्याच्या दगडापाशी घसरून पडली. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत. टेलिफोन समोरच्या दिवाणखान्यात. तिने हाका मारल्या. पण शेजारच्या घराची भिंत साठ फुटांवर, मध्ये झाडे, वर पावसाचा आवाज. दूधवाला आला तेव्हा तिला पडून तासाहून अधिक वेळ झाला होता. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, ती काठी घेऊन चालूही लागली, परंतु परसात पुन्हा कधी एकटी गेली नाही. मला तिने एकच वाक्य ऐकवले, आणि तेही रागाने नव्हे. “गल्लीत असते तर तांब्या पडल्याचा आवाजही कोणी तरी ऐकला असता.”

हे दुखणे आमच्या घरचे एकट्याचे नाही. जगात दर वर्षी सुमारे 6 लक्ष 84 हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत साठीपुढच्यांचा भरणा सर्वांत मोठा. परवा मी आमच्या जिन्याची पायरी टेपने मोजली. ती 23 सेंटीमीटर उंच निघाली! आजच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या घरात ती 19 हून अधिक नसावी. वडिलांनी जागा वाचविण्यासाठी जिना उभा केला. त्यांचे वय तेव्हा चाळीस होते. पुढच्या दाराशीही पाच पायऱ्या आहेत. जोते उंच ठेवले ते पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून, आणि ते योग्यच होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये शहराच्या सखल भागांत घराघरांत पाणी शिरले, तेव्हा आमचा उंबरठा कोरडा राहिला. तेव्हा त्या पाच पायऱ्यांना शिव्या तरी कशा द्याव्यात?

मग सदनिकेत जावे काय? मुलगा बंगळुरास, मुलगी पुण्यास. दोघांचेही म्हणणे तेच. एका बांधकाम व्यावसायिकाने बंगल्याच्या जागी इमारत उभारून आम्हांला दोन सदनिका देण्याचा कागद आणून दिला आहे. पुण्यात माझी मेहुणी चौथ्या मजल्यावर राहते. उद्वाहन आहे, पहारेकरी आहे, आणि शेजारच्या दारावर कुलूप आहे. समोरच्या बिऱ्हाडाचे आडनाव तिला पाटीवरून कळते. वीज गेली की ती दोन दोन तास खाली उतरत नाही. म्हणजे भिंत साठ फुटांवर असो की सहा इंचांवर, हाकेला ओ देणारा माणूस तेवढ्याने मिळत नाही. उलट येथे सकाळी सातला मी जमिनीवर पाय ठेवतो, उन्हात बसतो, रस्त्याने जाणारे चार जण फाटकाशी थांबून बोलतात. म्हातारपणी याची किंमत कशी करावयाची ते त्या कागदात लिहिलेले नाही.

एक मात्र केले. माडी बंद करून आम्ही दोघे खाली आलो आहोत. दिवाणखान्याची झोपण्याची खोली झाली. पाहुण्यांना ते विचित्र वाटते, वाटो. साठीनंतर डोळ्यांना उजेड अधिक लागतो, म्हणून न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवला. धुण्याचा दगड काढून तेथे खरखरीत फरशी बसविली. शेजारच्या मुलीकडे घराची एक किल्ली दिली आहे, ती रोज कॉलेजला जाताना खिडकीतून “काका, आहात ना?” असे विचारून जाते.

मे महिन्यात नातवंडे आली होती. दोघेही पहिला दिवस फाटकावर बसून होती. दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या एका जुन्या मित्राच्या नातवांना बोलावून आणले, तेव्हा कोठे पेरूखाली आरडाओरडा सुरू झाला.

व्यावसायिकाचा कागद टेबलाच्या खणात आहे. पत्नी म्हणते, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो तेथेच राहू द्या. सोमवारी वेल्डिंगवाला येणार आहे. पुढच्या पाच पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवावयाचा आहे. एकाच बाजूला पुरेल असे मी म्हणत होतो. ती म्हणाली, उतरताना आपण दोघे बरोबर असू.