मागच्या धुऱ्यातलं ऑईल
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



संतसाहित्य आणि मधुमेह या दोन व्याख्यानांच्या मध्ये गिअर ऑईलला जागा दिल्याबद्दल मंडळाचे आभार. आम्ही उद्यमबागेत हात काळे करणारी माणसं, बोलायची सवय नाही. पण पावसाळ्यात चोर्ला आणि आंबोली घाट उतरणाऱ्या गाड्या आपल्याच घरच्या असतात, म्हणून आलो.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी पेटी म्हणजे डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलची एक खोड आहे. एक चाक चिखलात गेलं की ते गरगर फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं चाक नुसतं बघत बसतं. यावर उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, आमच्या भाषेत ‘एलएसडी’. अमेरिकेत पॅकार्ड आणि स्टुडबेकर गाड्यांत ते 1956 साली आलं. दोन चाकांच्या वेगातला फरक ते एका मर्यादेपलीकडे वाढू देत नाही.

ही मर्यादा घालण्याच्या रीती मात्र निरनिराळ्या आहेत, आणि ऑईलचा सगळा घोळ तिथेच होतो. दुकानात जाऊन ‘चांगल्यातलं द्या’ म्हणून भागत नाही. पेटीच्या आत काय बसवलंय ते आधी माहीत हवं.

पहिली रीत क्लचप्लेटींची. पोलादी आणि घर्षणाच्या प्लेटी एकाआड एक रचलेल्या असतात. वळताना त्या एकमेकींवरून सावकाश सरकायला हव्यात आणि चाक घसरलं की एकमेकींना धरायलाही हव्यात. नुसत्या गिअर ऑईलमध्ये काय होतं, तर प्लेटी चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. फळ्यावर खडू उभा धरला की किंचाळतो, तोच प्रकार. म्हणून या पेटीच्या ऑईलमध्ये ‘फ्रिक्शन मॉडिफायर’ नावाचं द्रव्य लागतं. डब्यावर ‘एलएस’ लिहिलेलं असेल तर ते आधीच मिसळलेलं असतं.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. गल्लीत वळवताना मागून कडकड आवाज यायचा, गाडी थरथरायची. एका गॅरेजने सांगितलं, डिफरन्शियल गेलं, पूर्ण बदला. खर्चाचा आकडा ऐकून ते गाडी विकायला निघाले होते. आम्ही विचारलं, ऑईल कुठलं भरलंय? साधं 80डब्ल्यू-90. ते काढून एलएस ऑईल भरलं, मोकळ्या मैदानात सावकाश आठचा आकडा काढत दहा-बारा फेऱ्या मारल्या, म्हणजे नवं ऑईल प्लेटींच्या मध्ये शिरतं. आवाज गेला. दरवेळी असं होईल असं नाही. प्लेटी झिजल्या असतील तर ऑईल काही करू शकत नाही. पण पेटी उघडण्याआधी ऑईल बदलून बघायला काय हरकत आहे?

याच्या उलटही घडतं, आणि आमच्या मते तेच जास्त वाईट. एलएस ऑईल असताना वरून आणखी मॉडिफायरची बाटली ओतली जाते. आवाज अजिबात नाही, मालक खूश. पण प्लेटी इतक्या गुळगुळीत झाल्या की त्या धरतच नाहीत. पैसे एलएसडीचे मोजले आणि गाडी साधी झाली, हे कळतं कधी? तर एक चाक लाल चिखलात गेल्यावर.

दुसरी रीत टॉर्सनसारख्या निव्वळ गिअरवाल्या पेटीची. तिच्यात क्लचप्लेटी नसतात, दातांचं घर्षणच काम करतं. तिला मॉडिफायरची गरज नाही, उलट त्याने पकड कमीच होते. तिसरी रीत आपल्याकडे बरीच दिसते. बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये आणि थारच्या काही मॉडेलांत मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल असतं. लोक त्यालाही एलएसडीच म्हणतात. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि पेटी लॉक होते. हे लॉक होणं घर्षणावर चालतं. गाडीच्या पुस्तकात सांगितलं नसेल तर त्यात एक थेंबही वरचं घालू नका, मेस्त्री कितीही आग्रह करो.

आता डब्यावरचे आकडे. जीएल-5 हा दर्जा मागच्या धुऱ्यासाठी महत्त्वाचा. क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासतही जातात. तो दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-5 मध्ये जीएल-4 पेक्षा जास्त असतात. मात्र उरलेलं ऑईल गिअरबॉक्समध्ये ओतण्याची काटकसर करू नये. तिथल्या पितळी भागांना ते मानवेलच असं नाही. 75डब्ल्यू की 80डब्ल्यू यावर मात्र फार डोकं खपवू नका. 80डब्ल्यूची परीक्षा उणे 26 अंशांत होते, 75डब्ल्यूची उणे 40 मध्ये. बेळगावात स्वेटर लागतो, पण तेवढी थंडी नाही. मागचा आकडा, म्हणजे 90 की 140, तो पुस्तकात असेल तोच घ्या. आणि 90 म्हणजे इंजिनच्या 40च्या दुप्पट जाड, असं समजू नका. गिअर ऑईलची मोजपट्टीच वेगळी आहे.

ओढ्याच्या पाण्यात धुरा बुडाला असेल तर किलोमीटर मोजत बसू नका. बोल्ट काढून बोट घाला. ऑईल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच बदला.

घरी बदलणार असाल तर आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल करून पाहा. तो गंजून बसला असेल आणि खालून ऑईल काढून टाकलं असेल, तर गाडी जागेवरच राहते. आणि एकच मागचं चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नका. साध्या गाडीत उचललेलं चाक नुसतं फिरतं. एलएसडी असेल तर जमिनीवरचं चाकही ओढ घेतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

कुणाला गाडीचं पुस्तक समजून घ्यायचं असेल तर आरतीनंतर आम्ही मंडपामागेच आहोत. पुस्तक मात्र बरोबर आणा.