गवत किती, तोंडे किती?



आपला गोंदिया म्हणजे तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. येथे कोरड्या माळावरील गुरांविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपला पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो. फाल्गुन सरला की आपली कुरणे पाहा. तेथून मृगापर्यंत आपणही कोरड्या मुलुखाचेच रहिवासी असतो.

ऑस्ट्रेलियात अशा मुलुखात मांसासाठी गुरे पाळतात. तेथील शहाणा पशुपालक एकच हिशेब मांडतो: गवत किती आणि तोंडे किती? पाऊस हुकला की तो जनावरे विकून तोंडे कमी करतो. उशीर झाला, तर आधी गवताचे मूळ जाते, मग माती आणि शेवटी जनावर.

आपल्याकडे तो दरवाजा बंद आहे. गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने वळू आणि बैलही त्यात आले. कायद्याच्या बऱ्यावाइटात मी आज शिरत नाही. पण शेतात ट्रॅक्टर आला, म्हातारा बैल दावणीला उरला, हे शेतकऱ्याचे दुखणे खरे आहे. अडीचशे किलोच्या जनावराला रोज पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो. उन्हाळ्याच्या १२० दिवसांना सहाशे ते सातशे किलो! पूर्वी जंगलाचा आधार मोठा होता. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान आणि २०१३ मध्ये तेथे व्याघ्रप्रकल्प आला. वाघाला जागा हवीच. पण गायकीने गुरे न्यावीत कोठे?

तेव्हा तोंडे जन्माआधीच मोजली पाहिजेत. निकृष्ट गोऱ्ह्यांचे वेळेवर खच्चीकरण करावे. गायी थोड्या, पण दुधाच्या ठेवाव्यात. दुसरे, आपले तणस. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि ते तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवावे. त्याचा कस वाढतो. मात्र सहा महिन्यांखालील वासरांना ते देऊ नये. नुसता युरिया तर विषच. तिसरे, २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. ज्या ग्रामसभेला तो मिळेल, तिने कुरणाचा एक भाग दरवर्षी बी पडेपर्यंत बंद राखावा.

गाईची पूजा आपण करतोच. तिच्या गवताचा हिशेब ठेवणे हीही पूजाच आहे, एवढे सांगून आपली रजा घेतो.